खिंडीपर्यंतचा रघू

एसटीने जाऊन पायी हिंडायच्या वाटांची एक पुस्तिका मी निवृत्तीनंतर काढली. बत्तीस पानं, अकरा वाटा. प्रत्येक वाटेखाली जायची गाडी, यायची गाडी, पाणी कुठे मिळेल आणि कुत्री कुठे अंगावर येतात, सगळं दिलंय. मोटारवाल्यांसाठी ती नाहीच. मोटार जिथे लावली तिथे माणसाला परत यावंच लागतं. एसटीने गेलेला एका गावात उतरतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्या गावात गाडीत बसतो. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या लोकांना समजत नाही, याचा मला राग येतो. छत्तीस वर्षं शाळेत काढली, राग तिथलाच आहे.

चौथी वाट खारशेत ते दांडवाडी. खारशेत खाडीच्या काठाला, दांडवाडी डोंगरापलीकडे. चालत चार तास. साडेसातची गाडी खारशेतला पोचते ती थेट रघूच्या वाडीपाशी वळते. रघू माडी काढतो. लोक त्याच्याकडे ताज्या माडीचा पेला घेतात आणि तो त्यांना वाट दाखवायला पुढे होतो. पण खिंडीपर्यंतच. खिंडीत पोचला की हात पुढे करून सांगतो, "हितून सरळ खाली," आणि मागे फिरतो.

पहिल्या वेळी मला तो आळशी वाटला. तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा त्याने मला उलट माडाखाली उभं करून शिकवलं. माडाची कोवळी पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायची, ठोकून मऊ करायची आणि तिच्या टोकाचा पातळ काप दिवसातून तीनदा घ्यायचा. सकाळी, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला. काप घेतला की रस ठिबकत राहतो. दुपारचा काप चुकला तर माड रुसतो, पण दोन दिवसांत मानतो. संध्याकाळचा चुकला तर पोय मिटते. मग नवी पोय धरून रस सुटेपर्यंत महिना-दीड महिना माडाच्या तोंडाकडे बघत बसायचं. पावसात, तापात, सणावारी, काप चुकत नाही.

"गुराला दावं असतंय ना गुरुजी, तसं मला हाय," रघू म्हणाला. "खिंडीपर्यंत पुरतंय."

खारशेतात माडावर चढणारा दुसरा माणूस उरलेला नाही. मुलगा निकेत नवी मुंबईत गोदामात कामाला आहे. त्याला रघूने माडाला कधी हातच लावू दिला नाही. म्हणाला, एक अडकला तेवढा पुरे. आणि लेक जागृती दिली ती दांडवाडीला. तिच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी नाही, माडांनी काढला होता: सकाळचा काप आणि दुपारचा काप यांच्या मधोमध. अक्षता पडल्या, आणि पाव्हणे जेवायला बसले तेव्हा नवरीचा बाप नवं धोतर खोचून माडावर.

त्यानंतर २०२०चं वादळ आलं. रघूचे निम्मे माड आडवे झाले, चौदा राहिले. पलीकडे जागृतीच्या घराचं छप्पर उडालं ते पुन्हा बसलंच नाही. ती, नवरा कमलेश आणि सासू मनुबाई, तिघं गोठ्याच्या पडवीत राहिली. चार वर्षं. मग हळूहळू नवं घर उभं राहू लागलं, आणि रघूने ते घर खिंडीतून पाहिलं. लोकांना सोडायला गेला की दहा मिनिटं बसायचा. मला खबर द्यायचा, "जोतं झालं." मग, "भिंती दाराच्या वर गेल्या." मग एकदा, "पत्रे चढले गुरुजी, लाल हायत." लेकीच्या सासरी तो लग्नापासून एकदाही गेला नव्हता.

घरभरणी शनिवारी ठरली, कारण रविवारी अमावास्या. जागृतीचा निरोप आला: बाबांनी यायचंच. रघूने तो मला दोनदा सांगितला. मला राहवलं नाही. मी कागद घेतला. आठला निघायचं, बाराला दांडवाडी. पूजा, जेवण, घर बघणं. अडीचची गाडी, बोर्ली फाट्याला सव्वातीन. तिथून पावणेचारची खारशेत गाडी, साडेचारला माडाखाली. दुपारचा एक काप तेवढा बुडणार.

"रुसू देत एक दिवस," मी म्हणालो.

रघूने कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी करून टोपीत ठेवला. "चुकणार न्हाय ना?"

"या तालुक्याचं वेळापत्रक मला पाठ आहे," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

रघूची बायको काशी आहेर घेऊन आदल्या दिवशीच गाडीने गेली. शनिवारी आम्ही दोघं निघालो. खिंडीत रघू सवयीने थांबला. मी पुढे झालो, वळून पाहिलं तर हा उभाच. "चल की," म्हटलं. मग आला. उताराला लागल्यावर मात्र मला दम खाऊ देईना. मधेच हसायचा. छप्पन्न वर्षांचा माणूस, जत्रेला निघालेल्या पोरासारखा चालत होता.

साडेअकराच्या सुमारास झाडीतून खालचा रस्ता दिसला. दांडवाडीतून लाल गाडी बाहेर पडत होती.

"ही कंची?" रघूने विचारलं.

"सकाळची असेल. आपली अडीचची," मी म्हणालो. मास्तर माणूस, शंका घेणं दुसऱ्यांचं काम.

बाराला पोचलो. जागृतीने बापाच्या पायावर पाणी घातलं. तिने आधी पदराने स्वतःचेच डोळे पुसले आणि मग त्याचे पाय. दाराला निळा रंग होता, अजून वास येणारा. रघूने चौकटीवर पंजा ठेवून पाहिला. आत होम चालू होता. काशीने ताक आणून दिलं. जागृती म्हणाली, "बाबा, आतली खोली मागनं दाखवते. आधी पूजेचं आटपू दे."

मनुबाईंनी सहज विचारलं, "राहणार ना आज?"

"न्हाय वो. अडीचच्या गाडीनं जायचंय."

"अडीचची?" मनुबाई म्हणाल्या. "आज शनिवार न्हाय का? सकाळची शाळा. पोरांना घेऊन गेली की साडेअकरालाच. आता गाडी उद्या सकाळी."

दांडवाडीची अडीचची गाडी हायस्कूलच्या मुलांसाठी सुटते. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून ती साडेअकराला सुटते. हे मला कुणी सांगायची गरज होती? छत्तीस वर्षं शनिवारी सकाळी सातला मी प्रार्थनेला उभा राहिलो आहे. निवृत्त झालो आणि मला सगळेच वार रविवार झाले. मी तिथे उभा होतो आणि मला माझी शरम वाटत होती.

रघूने टोपीतून कागद काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाकडेच पाहत मोजलं असावं: चार तास चाल, पाचचा काप. एक वाजत आला होता. कमलेश होमावरून उठून आला. त्याची मोटारसायकल पत्र्यांसाठी विकलेली. शेजाऱ्यांच्या दोन होत्या, त्या पाव्हण्यांना आणायला बोर्लीला गेलेल्या.

"येतील इतक्यात," कमलेश म्हणाला.

"इतक्यातवर माड ठेवता येत न्हाय, जावईबापू."

जागृती म्हणाली, "बाबा, दोन घास तरी." तो म्हणाला, "बांधून दे." ती आत गेली, वडे आणि उसळ डब्यात भरून आणेपर्यंत तो अंगणाच्या कडेला पोचला होता. ती मागे धावली. त्याने डबा हातात घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चढाला लागला. मी "थांब, मीही येतो" म्हणालो.

"तुमी बसा गुरुजी. तुमच्यानं व्हायचं न्हाय," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर वीस मिनिटांत दोन्ही मोटारसायकली आल्या. पण डोंगरात फोन लागत नाही, वाटेला लागलेल्या माणसाला हाक कुठून घालणार?

रघूसाठी मांडलेल्या पाटावर मला बसवलं. नको म्हणवेना. पूर्ण वाढलेलं ताट होतं, भोवती रांगोळी होती. जेवलो. मग जागृतीने मला आतली खोली दाखवली. पूर्वेला खिडकी, खुंटीवर नवा पंचा, भिंतीला लागून एक खाट. "बाबा-आई येतील तेव्हा त्यांना," ती म्हणाली. "आम्हाला नसती तरी चाललं असतं. पण बाबांना हवी म्हणून बांधली." त्या रात्री मला तिथेच झोपायला लावलं. खाट नवी होती, पट्ट्या ताणलेल्या होत्या. मला झोप आली नाही.

रविवारी काशीबरोबर गाडीने खारशेतला गेलो. रघू माडावर होता. खाली उतरेपर्यंत मी उभा राहिलो.

"बारा साधले," तो म्हणाला. "दोन मिटले."

मी माफी मागितली. त्याने कोयता पुसला. "तुमी मुद्दाम केलं का?" म्हणाला. आणि जरा वेळाने, "गुरुजी, आतली खोली कशी हाय?"

मी सांगितली. खिडकी कुठल्या अंगाला ते विचारलं, सांगितलं. खाट केवढी, सांगितलं. खुंटी किती उंचावर, तेही सांगितलं. त्या खाटेवर मी झोपलो हे सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत चौथ्या वाटेखाली ठळक अक्षरांत घातलंय: शनिवारी परतीची गाडी साडेअकराला. काय उपयोग?

परवा पुण्याची काही मंडळी घेऊन गेलो. खिंडीत रघूने नेहमीसारखं बोट दाखवलं. "ते लाल पत्र्याचं दिसतंय ना, ते माझ्या लेकीचं घर. दार निळं हाय, हितून न्हाय दिसत. आत एक खोली हाय. खिडकी पूर्वेला, सकाळचं ऊन थेट खाटेवर येतं. खुंटीवर पंचा."

एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुम्ही राहता तिथे जाऊन?"

"माजीच खोली हाय ती," रघू म्हणाला. मग त्याने मनगट वळवून घड्याळ पाहिलं, आम्हाला म्हणाला, "हितून सरळ खाली," आणि खारशेतच्या बाजूला उतरू लागला.