गेटबाहेरचा मेंढपाळ

आमच्या कोल्हापुरातल्या सोसायटीला पर्यावरणाचा पुळका आला आणि बागेतलं गवत कमी करायला मेंढ्या बोलावल्या गेल्या. मेंढ्यांना आत घेतलं, पिवळ्या फेट्याच्या मेंढपाळाला मात्र गेटबाहेर बसवलं. बाहेरच्या माणसांना हिरवळीवर मनाई आहे. मी रोज पाहायचो, तो उन्हात चातीवर लोकर कातत बसलेला असे. कधी तक्रार नाही.

पाचव्या दिवशी मेंढ्या अध्यक्षांच्या गुलाबांत घुसल्या. वॉचमनला त्या दाद देईनात. अध्यक्ष स्वतः गेट उघडून म्हणाले, "अहो, आत या लवकर."

"नगं सायेब," तो शांतपणे म्हणाला, "तुमचा नियम हाय न्हवं."

गुलाब संपेपर्यंत त्याची चाती थांबली नाही. नियम इतका मनापासून पाळणारा माणूस आमच्या सोसायटीत दुसरा नाही.