दारापाशी दादाची खुर्ची

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा तपासणीसाठी माझं रक्त काढणं चाललं होतं. वहिनी रडत सांगत होती, "चहा मांगला, अन् थो येईपर्यंत..." समोर नळी भरत होती, आणि तिच्यातलं रक्त दादाचंच होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्ताच्या कर्करोगावर त्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं. तेव्हापासून माझा रक्तगटसुद्धा त्याचाच आहे.

तेव्हा आमची जुळणी अर्धीच निघाली होती. उभी हयात रेल्वेत तिकिटं तपासलेला हा माणूस दवाखान्यात तोंड पाडून बसला. "भावानं द्याचं तं पुरं द्यावं. मी तुले अर्धंच देऊन राहिलो." डॉक्टरीणबाई हसल्या. "भैया, जो आधा नहीं मिलता, कभी-कभी वही काम आता है." मग त्यांनी समजावलं. रक्तात नैसर्गिक मारक पेशी असतात, आणि प्रत्यारोपणानंतर लवकर कामाला लागतात त्या याच. समोरच्या पेशीवर आपल्या ओळखीची खूण आहे का, एवढंच त्या बघतात. नसली तर तिला संपवतात. माझ्यात लपून राहिलेल्या रोगट पेशींवर दादाकडची खूण नसेल, तर त्याच्या पेशी त्यांना सोडणार नाहीत. दादा ताठ बसला. "म्हंजे बिनतिकीट दिसला का उतरवाचा. हे तं माह्यंच काम आहे."

आणि ते त्याने भलतंच मनावर घेतलं. मला दवाखान्यातून घरी सोडल्यावर तो तात्यापाऱ्यातल्या त्याच्या घरून रोज सकाळी चौबे कॉलनीत माझ्याकडे यायचा आणि दारातच खुर्ची टाकून बसायचा. मास्क नाही, परत जा. खोकला आहे, परत जा. अमरावतीहून पुरणपोळ्या घेऊन आलेल्या आत्यालाही त्याने शिंक आली म्हणून बाहेरूनच वाटेला लावलं. डबा तेवढा ठेवून घेतला; मला पथ्य होतं, त्यामुळे सगळ्या पोळ्या त्यानेच खाल्ल्या. आत्याने अबोला धरला. मीही त्याच्यावर फार चिडायचे, त्याची आता लाज वाटते.

प्रत्येक रिपोर्ट त्याला मोठ्याने वाचून दाखवावा लागे. मग त्याचा ठरलेला प्रश्न, "कोणी सुटला तं नाही?"

तेरवी आटोपल्यावर आत्या माझ्याकडे आली. दारातल्या रिकाम्या खुर्चीपाशी थबकली, पर्समधून मास्क काढून लावला, नळावर हात धुतले आणि मगच आत आली. "थो काय म्हनन, बाई..." एवढंच बोलली.

दादा गेला त्या दिवशी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट नुकताच आला होता. रोगाचा मागमूस नाही, रक्त पूर्ण दादाचं. मी तो खुर्चीसमोर बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला.

कोणी सुटला नाही, दादा.