दोन कॉम्प्युटरांचा सांधा

मोहिनी गावित आमच्या टूल स्टोअरला आली तेव्हा तिला काय येतं हे कोणी विचारलं नाही. खुर्ची दाखवली आणि आकडे भरायला सांगितलं. तिने चार वर्षं आकडे भरले. एकही चुकला नाही. मी चौतीस वर्षं फिटर होतो. बिनचूक काम बहुतेकांचं नोकरी कायम होईपर्यंतच टिकतं, हे मी पाहिलेलं आहे. तिची तर नोकरी कायमही नव्हती. कंत्राटावर होती.

ती हरसूलजवळच्या एका पाड्यावरची. घरी भात आणि नागली. पावसाळा संपला की आईबाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला, मुलगी आश्रमशाळेत. पुढे नाशिकला आयटीआय केलं, कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड. तिथून आमच्याकडे, अंबडच्या गिअरच्या कारखान्यात.

स्टोअरचा कॉम्प्युटर जुना होता, युनिक्सवर चालणारा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही. कोणतं हत्यार कोणी नेलं, कधी परत आलं, रॅकवर किती उरली, हे सगळं त्यात. ऑफिसचा कॉम्प्युटर नवा, विंडोजचा. किती हत्यारं आली आणि किती मोडीत काढली, हे त्यात. दोन्हींत माहिती तक्त्यांत ठेवलेली, आडव्या ओळी आणि उभे रकाने. पण याचं त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून मोहिनी जुन्या पडद्यावरचे आकडे कागदावर उतरवायची आणि जिना चढून नव्यात भरायची. रोज दोनशे-अडीचशे ओळी.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मॅनेजर निकुंभ साहेबांनी ठरवलं, जुना काढायचा. पुण्याहून हर्षल नावाचा इंजिनिअर बोलावला. तो म्हणाला, जुन्यातली सव्वीस वर्षांची माहिती नव्यात आणायला आठ महिने लागतील. साहेबांचं तोंड उतरलं. तेव्हा मोहिनी पहिल्यांदा बोलली.

"साहेब, आणायची कशाला? तिथंच राहू द्या. दोघांना जोडून देते."

हर्षल हसला. "ताई, त्याचा ड्रायव्हर आता कुठे मिळणार?"

"शोधते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझं कंत्राट ऑक्टोबरअखेर संपतंय. जुना गेला तर तुझं कामही जातं, ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर म्हणते."

साहेब सरळ माणूस. म्हणाले, "खंडेनवमीपर्यंत जोड. आकडे जुळले तर हे सांभाळायला माणूस लागेल, आणि तो माणूस तू. नाही जुळले तर हर्षलचं काम सुरू."

खंडेनवमीची तारीख त्यांनी उगाच दिली नव्हती. आमच्याकडे अष्टमीच्या संध्याकाळी कारखान्यातलं प्रत्येक हत्यार पुसून स्टोअरला जमा होतं. नवमीला त्यांची पूजा, त्या दिवशी यंत्रं बंद. वर्षातली ही एकच संध्याकाळ अशी, की बाहेर काहीही नसतं. ऑफिसच्या हिशेबाने जितकी हत्यारं असायला हवीत, तितकी स्टोअरच्या यादीत दिसली पाहिजेत. तपासायला याहून चांगला दिवस नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय ते मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "काका, ड्रिलचा दांडा बारीक आणि मशीनचं तोंड मोठं असलं तर तुम्ही काय करता?"

"स्लीव्ह घालतो."

"ड्रिल बदलता का?"

"नाही. मशीनही नाही."

"तेच. मधे बसणारा छोटा प्रोग्राम. नव्याने विचारलेलं जुन्याला कळेल असं सांगायचं, आणि जुन्याचं उत्तर नव्याला."

एवढं मला पुरलं.

जुन्या कॉम्प्युटरची जाड इंग्रजी पुस्तकं कपाटात होती. मोहिनी ती शब्दकोश घेऊन जेवणाच्या सुट्टीत वाचायची. डबा उघडा, भाकरी कडक. सतराव्या दिवशी स्लीव्ह सापडली. जुनं यंत्र बनवणाऱ्यांनीच कधीतरी केली होती, कोणी वापरली नव्हती. तिने ती बसवली आणि नव्या यंत्रावरून पहिला प्रश्न टाकला: दोन्हींत असलेली हत्यारं दाखव. उत्तर आलं, शून्य.

अकरा दिवस शून्यच. मग कारण कळलं. जुनं यंत्र प्रत्येक कोडला वीस घरं द्यायचं. कोड आठ अक्षरांचा असला तरी उरलेली बारा रिकामी घरं धरूनच तो पुढे पाठवायचं. नव्याकडे कोड आठचाच. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. तिने रिकामी घरं छाटून टाकली. चार हजार तीनशे ऐंशी प्रकारची हत्यारं आणि सुटे भाग, सगळे ओळीत उभे राहिले.

मग तारखा. जुन्यात सालाचे दोनच आकडे. अठ्ठ्याण्णव साली नेलेला, भोक मापात आणायचा रीमर नव्या यंत्राच्या मते दोन हजार अठ्ठ्याण्णवला नेला जाणार होता. आमचा भिकन, ओझरहून मोटरसायकलने येणारा टर्नर, पडद्यात डोकावून म्हणाला, "माझ्या नावावर मांड. तोवर माझी पाळी दिवसाची लागली असेल."

तेही तिने नीट केलं.

अष्टमीची संध्याकाळ. हत्यारं जमा झाली. स्टोअरकीपर सहादू नानांनी शेवटची नोंद केली. मोहिनीने प्रश्न टाकला. स्टोअरमध्ये आम्ही चौघं होतो: ती, हर्षल, भिकन आणि मी. नाना आत रॅकपाशी.

चार हजार तीनशे ऐंशीपैकी सहाशे बारा ओळी जुळल्या नाहीत. आणि प्रत्येक ओळीत फरक एकाचाच. ऑफिसात पंधरा, स्टोअरला चौदा. ऑफिसात सात, स्टोअरला सहा.

हर्षल म्हणाला, "ठरलेली चूक आहे, ताई. एक यंत्र शून्यापासून मोजतं, दुसरं एकापासून. सांधाच कच्चा."

वाईट हेतूने नाही म्हणाला. पण बोलला ते तिच्या नोकरीबद्दल.

मोहिनी पडद्याकडे वळली. त्या सहाशे बारा ओळी तिने प्रकाराप्रमाणे लावल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

"सर, इकडे या. यात नटबोल्ट किती आहेत?"

"एकही नाही."

"बेअरिंग? पट्टे? ऑइल सील?"

"नाहीत."

"सगळी धारेची हत्यारं आहेत. ड्रिल, टॅप, रीमर, कानशी. सांधा कच्चा असता तर नटबोल्टही चुकले असते. कॉम्प्युटरला धार कळत नाही."

हर्षलने चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे. पण मग ताई, माल गेलाय."

स्टोअरमधून माल गेला म्हणजे नाव कोणाचं येणार, हे सांगायची गरज नव्हती. तिला दोन वाटा होत्या. सांधा चुकला म्हणावं, तर आपण घरी. सांधा बरोबर म्हणावं, तर नानांवर बालंट. ती उठली आणि सरळ रॅकपाशी गेली.

"नाना, आठ पॉइंट तीनचे ड्रिल किती?"

"चौदा. मोज."

"ऑफिसात पंधरा आलेत."

"मग पंधराच आलेत."

"मग एक कुठंय?"

नाना शिडीवर होते. खाली पाहून म्हणाले, "देवाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! नव्या मापाचं धारेचं हत्यार आलं की त्यातलं पहिलं देवाचं. ते वर. उद्याच्या पूजेला लागतं. ते कोणाला देत नाही, मग मी यादीत कसं घेऊ?"

"एवढी वर्षं?"

"माझ्या आधीपासून."

भिकन कपाळावर हात मारून हसायला लागला. मीही. चौतीस वर्षं मी त्या पूजेला उभा राहिलो, समोर कोरी करकरीत हत्यारं मांडलेली पाहिली. ती कुठून येतात हे मनात आलं नाही.

"नाना, हे आधी सांगायचं ना!" मोहिनी म्हणाली.

"तू विचारलंस कधी? आणि देवाचं कोणी मोजतं का गं?"

"आज मोजायचं."

सगळ्यात वरच्या फळीवरून तीन लोखंडी पेट्या उतरवल्या. वजनाने शिडी करकरत होती. प्रत्येक नग तेलकागदात गुंडाळलेला, वर कुंकवाचं बोट. आम्ही पाचजण जमिनीवर बसलो. हर्षलनेही बाह्या सरसावल्या. मोहिनी यादी वाचायची, आम्ही शोधून बाजूला ठेवायचो. तीन तास गेले. आकडा आला सहाशे अकरा.

नाना म्हणाले, "झालं की. एकाने काय होतंय?"

"सहाशे बारा पाहिजेत."

"पोरी, देव समजून घेईल."

"देव घेईल, नाना. साहेब घेणार नाहीत. मीही नाही."

हे मला आवडलं. एकाने काय होतंय असं म्हणणाऱ्यांनी केलेले गिअर मी आयुष्यभर घासून बसवत आलो.

तिने उरलेली ओळ वाचली: गोल कानस, दहा इंची.

भिकनचं हसू थांबलं. तो तेलकागद नीट घडी करायला लागला. त्याला घडी करताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"भिकनभाऊ?" मोहिनी म्हणाली.

"मागच्या वर्षी," भिकन म्हणाला, "माझी सगळी हत्यारं इथं जमा. घरी भावाची पिठाची गिरणी, तिच्या पूजेला ठेवायला एक हत्यार नाही. बायको म्हणाली, कसले टर्नर तुम्ही. मग मी..."

"देवाची कानस नेलीस?" नाना गरजले.

"देवालाच लावली, नाना! गिरणीच्या देव्हाऱ्यात आहे. रोज उदबत्ती असते. इथं वर्षाला एकदा!"

"आणतोस की येऊ ओझरला?"

भिकन मोटरसायकलवर गेला. दोन तासांत परत आला. कानशीवर कुंकवाचे इतके थर होते, की दाते दिसत नव्हते. मोहिनीने ती घेतली, यादीवर खूण केली आणि मग पहिल्यांदा हसली. चांगली मोठ्याने हसली.

सकाळी पूजेआधी साहेब आले. तोवर तिने जुन्या यंत्रात आणखी एक छोटा तक्ता केला होता. सहाशे बारा ओळी. आता नव्या यंत्रावर एकच प्रश्न टाकला की तिन्ही तक्ते एकत्र यायचे: ऑफिसचा, रॅकचा आणि हा. रॅकचे आणि या तक्त्याचे नग मिळून बरोबर ऑफिसचा आकडा. फरक शून्य, चार हजार तीनशे ऐंशीच्या चार हजार तीनशे ऐंशी ओळींत.

साहेबांनी तिसऱ्या रकान्याचं नाव वाचलं. देवाकडे.

"मोहिनी, मुख्य ऑफिसने विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, स्टॉकमध्ये आहे, वापरात नाही."

साहेब हर्षलकडे वळले. "तुमचं काय मत?"

"सर, हे मी केलं असतं तर दोन महिने मागितले असते," हर्षल म्हणाला. "आणि सहाशे बारा ओळी दुरुस्त करून सगळा घोळ केला असता. सांधा पक्का आहे. त्यांनाच ठेवा."

साहेबांनी कागदावर सही केली. म्हणाले, "एक तारखेपासून तू कंपनीच्या हजेरीवर. जा, घरी कळव."

तिने तिथूनच फोन लावला. यंत्रं बंद होती, स्टोअर शांत होतं, पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तिची आई, कुसाबाई.

"आये, झालं."

"जुळलं का समदं?"

"समदं."

"मंग तुला काढीत नाय ना?"

"नाय. कायम केलं."

पलीकडून आवाज आला, "जेवली का?"

"कालपासून नाय."

"मंग फोन ठिव आन आधी जेव."

नानांनी पूजेच्या नैवेद्याचं ताट तसंच तिच्याकडे सरकवलं. देवाच्या आधी.