दोन गाड्या आणि एक प्रवासी: पनवेल ते भरडखोल

आमच्या घरात एकही मोठी वस्तू भांडल्याशिवाय आलेली नाही. फ्रिजच्या वेळी दोन आठवडे अबोला होता. त्यामुळे सगळ्यांना नीट बसता येईल अशी मोठी, उंच गाडी घ्यायची ठरली, तेव्हाच मला पुढचं दिसायला लागलं. संजयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लॅपटॉपवर तक्ता केला. मायलेज, एअरबॅग, डिकी, सर्व्हिसिंगचा खर्च, सगळं त्यात. तीन महिन्यांत नऊ गाड्यांच्या दोन उरल्या. एक पांढरी: डिझेल, सात सीटची, चांगलीच उंच. ती संजयची लाडकी. दुसरी लाल: पेट्रोल, ऑटोमॅटिक, पाच सीटची, जरा बसकी. ती माझी. कंपन्यांची नावं लिहीत नाही. कमेंटमध्ये भांडणं नकोत, घरातली पुरेत.

खरं तर गाडी हवी होती ती बाबांसाठी. माझे वडील भरडखोलचे, दिवेआगरच्या पुढच्या कोळीवाड्यातले. उभा जन्म मासेमारीत गेला. आई गेली, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, होडी विकली, आणि मी त्यांना पनवेलला आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघे वर येतील असं खाली बसायचं नाही. आमच्या जुन्या छोट्या गाडीत नेमकं तसंच बसावं लागतं. एसटीच्या पायऱ्यांचं तर नावच नको. अडीच वर्षं त्यांनी गाव पाहिलं नव्हतं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि आज वारा कुठून आहे ते मला सांगायचे. समोर सात मजली बिल्डिंग. मला ते बघवायचं नाही.

शोरूमची टेस्ट ड्राईव्ह म्हणजे सर्व्हिस रोडवर एक चक्कर आणि एसीचं कौतुक. त्यात काय कळणार? म्हणून मी सुचवलं, दोन्ही गाड्या दोन दिवस भाड्याने घेऊ, आपापली चालवू आणि किनाऱ्याकिनाऱ्याने भरडखोलला जाऊ. बाबा प्रत्येक थांब्यावर गाडी बदलतील, निकाल ते देतील. आपल्याला हवं तेच मॉडेल भाड्याने मिळतं, जरा शोधावं लागतं. खर्च होतो, पण दहा वर्षं वापरायची वस्तू अर्ध्या तासात पारखण्यापेक्षा हे बरं. शेजारच्या काकू मात्र म्हणाल्या, "तीन माणसं आणि दोन गाड्या? वरात काढताय की काय!"

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. तुम्हीही लवकरच निघा, वडखळला उशिरा पोहोचलात तर सकाळ तिथल्या ट्रॅफिकमध्येच जाते. छापा-काटा करून पहिला मान पांढरीला मिळाला. संजयने बाबांसाठी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं होतं. एक हात स्टूलवाल्या जावयाच्या खांद्यावर, एक दाराच्या वरच्या कडीला, असं करत बाबा एकदाचे आत गेले. बसल्यावर धापा टाकत म्हणाले, "जावयबापू, भरतीला ठीक हाय तुमची गारी. वहोटीला वर कसा जायाचा?"

मी लाल गाडीत एकटीच हसत त्यांच्या मागे निघाले.

नागावला एका वाडीतल्या घरगुती खानावळीत नाश्त्याला थांबलो. गरम घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि चहा, तिघांचं साडेतीनशेच्या आत आटोपलं. मग बाबांची माझ्या गाडीत बसायची पाळी आली. मी सांगायला गेले, "बाबा, आधी हा पाय आत घ्या." त्यांनी मला हातानेच बाजूला केलं. गाडीकडे पाठ केली, सीटच्या कडेवर नीट टेकले, दोन्ही हात दोन्हीकडे रोवले आणि पाय उचलून आत फिरवले. स्टूल नाही, खांदा नाही.

"हे कुठे शिकलात?"

"होरीत असाच बसतात, बाय. आधी काठावर बूड, मंग पाय. पाय आधी टाकलास का होरी कलंडली."

तीन महिने आम्ही त्यांना शोरूममध्ये पाय आधी टाकायला लावत होतो. त्यांनीही आमचं मन मोडायला नको म्हणून टाकले होते. मला लाजच वाटली. आणि खरं सांगायचं तर संजयकडे बघून मी जरा भावही खाल्ला. पांढरीची सीट त्यांच्या कमरेच्या वर येत होती, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नव्हती.

पण माझा आनंद फार टिकला नाही. चौलच्या वाड्यांमधून जाणारी ती अरुंद, सावलीची वाट मला फार आवडते, म्हणून मुद्दाम गाड्या तिकडून घातल्या. तर समोरून नारळाचा टेम्पो. दोन्हीकडे दगडी गडगे. अशा वाटेवर रिव्हर्स घेता येत नसेल तर मुख्य रस्ता सोडू नका, हा माझा कळकळीचा सल्ला आहे. टेम्पोवाला खाली उतरून कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, येवढ्या मोठ्या गाड्या घेता, मंग मागं घ्यायला शिकत का न्हाय?" आम्ही दोघांनी पावशेर घाम गाळून गाड्या मागे घेतल्या. बाबा मजेत होते. अडीच वर्षांत इतके हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर पुढे काशीद-मुरूडचा रस्ता. एका बाजूला झाडी, मधूनच उजवीकडे समुद्र उघडतो आणि पुन्हा झाकतो. रस्ता काही ठिकाणी लोण्यासारखा, काही ठिकाणी नुसते खड्डे. इथे माझी लाल गाडी उघडी पडली. प्रत्येक खड्डा थेट कमरेपर्यंत पोहोचत होता. बाबांचा हात खुब्यावर गेला होता.

"दुखतंय का?"

"न्हाय."

मुरूडला जेवायला उतरलो तेव्हा त्यांना सरळ व्हायला वेळ लागला. पुढे त्यांना पांढरीत बसवलं. चढताना त्रास, पण चढल्यावर पाळणा, हे मला कबूल करावं लागलं. जेवणात आम्ही सुरमईची थाळी घेतली. बाबांनी एक घास घेऊन ताट संजयकडे सरकवलं. "बर्फातली हाय. तुम्ही खा." त्यांनी कोलंबीचं कालवण आणि भात खाल्ला.

आगरदांड्याहून दिघीला गाड्या फेरीबोटीतून जातात. खाडी पार करायला पाऊण तासाचा हिशोब धरा, थांबण्यासकट. सुटे पैसे ठेवा. गाडी उतारावरून उलटी बोटीत घ्यावी लागते. कॅमेरा असला तरी तिकडे बघू नका, बोटीवरचा माणूस हाताने सांगतो तेवढंच ऐका. गाड्या लागल्यावर बाबांनी उतरायचा हट्ट धरला. कठड्याला धरून उभे राहिले. खारा वारा तोंडावर घेतला आणि डोळे मिटले.

दोर सोडणारा पन्नाशीचा खलाशी त्यांच्याकडे वळून वळून बघत होता. शेवटी जवळ आला.

"काका, तुम्ही भरडखोलचं? म्हादू तांडेल ना तुम्ही?"

"व्हय. तू कुनाचा?"

"दिघीचा हाय. एकदा वाऱ्यात आमच्या होरीची मशीन बंद परली, तवा तुम्ही आम्हाला वढून आनला व्हता. मी बारका व्हतो."

"तुझ्या बापाच्या होरीला हिरवा फळका व्हता," बाबा लगेच म्हणाले.

पनवेलला ते 'तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा' आहेत. लिफ्टमध्ये लोक त्यांना नमस्कार करतात, पण त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. तिथे त्या बोटीवर एका माणसाने त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, म्हटलं आणि ते कठडा सोडून उभे राहिले. मी धरायला पुढे झाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

चार वाजता भरडखोल. माझा चुलतभाऊ रामदादा आणि वहिनी दारात उभेच होते. तुम्ही फिरायला गेलात तर दिवेआगरला राहा, तिथे घरगुती खोल्या पुष्कळ आहेत. भरडखोलला मासळीसाठी जा. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सहन होत नसेल तर मात्र जाऊ नका. मी मात्र दारातच थांबून तो वास घेतला. आई याच वासाची होती.

बाबा घरात टेकलेसुद्धा नाहीत. रामदादाने बंदरावर खुर्ची मांडली, कुणीतरी फाटलेलं जाळं पुढे आणून टाकलं. त्यांनी सुई मागितली. घरी ज्यांच्या हाताला चहाचा कप धरताना कंप सुटतो, ते माझे बाबा एकामागून एक गाठी मारत होते. संध्याकाळभर दोन तरुण कोळी शेजारी बसून ते कसं करतात ते बघत होते. मी आणि संजय वाळूत बसलो होतो. त्याने तक्ता उघडला, दोन मिनिटं पाहिला आणि बंद केला.

रविवारी सकाळी गाड्या दारात लावल्या. मी म्हटलं, "बाबा, आता कुठल्या गाडीत?"

ते ओट्यावरून उठले नाहीत. "मी ऱ्हातो, बाय."

मला वाटलं, आठ दिवस म्हणतायत. तसं नव्हतं. रामदादाशी त्यांचं महिनाभर आधीच फोनवर बोलणं झालं होतं. कपडे, तीन महिन्यांची औषधं, आईचा फोटो, सगळं पिशवीत भरून आणलं होतं. मी चिडले. जे तोंडाला आलं ते बोलले. ही एवढी यातायात कुणासाठी केली, गाडी कुणासाठी घेतोय, माझं काय चुकलं, रात्री काही झालं तर बघणार कोण. वहिनी मध्ये पडली, "वन्सं, आम्ही हावो ना. श्रीवर्धनला डाक्टर हाय."

बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या घरात मना काय कमी न्हाय. पन तिथं मी नुसता बसून असतो. इथं कामाचा हाय."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पन्नाशीची बाई, भर ओट्यावर. बाबांनी केसांवरून हात फिरवला. जाळ्याच्या दोऱ्याने बोटं पुन्हा खरखरीत व्हायला लागली होती.

परतताना आम्ही म्हसळ्यावरून माणगावला निघालो. घाटवळणाचा रस्ता आहे पण वेळ वाचतो. माणसं दोन, गाड्या दोन. पुढे संजय सात सीटच्या गाडीत एकटा, मागे मी पाच सीटच्या गाडीत एकटी. दर वळणाला त्याच्या गाडीच्या मागच्या काचेतून रिकाम्या सीटची डोकी दिसायची. म्हसळ्याला चहाला थांबलो. वडापाव चांगला असतो तिथे, संजयने दोन मागवले, खाल्ला कुणीच नाही. तो एवढंच म्हणाला, "बोटीवर बघितलंस ना त्यांना?" मी मान हलवली.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. गॅलरीतली खुर्ची मी आत घेतलेली नाही. रोज संध्याकाळी फोन होतो. परवा म्हणाले, बांगडा चांगला लागलाय. आवाज इतका मोकळा की मला आनंद व्हायला हवा. होतोही. फोन ठेवला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, तेही खरं.

संजय म्हणाला, आता गाडीचं राहू दे, दोघांना जुनी पुरते. मी नाही म्हटलं. मग शोरूमला फोन लावला. सेल्समन म्हणाला, लाल गाडीला चार महिने वेटिंग आहे. पांढरी एक आहे, कुणीतरी बुकिंग रद्द केलंय, शनिवारी मिळेल.

"पांढरी द्या," मी म्हटलं.

तो गडबडला. "पण मॅडम, तुमच्या वडिलांना तिच्यात चढता येत नव्हतं ना? थांबा की. चार महिने काय, बघता बघता जातात."

"चढायचं नाहीये त्यांना," मी म्हटलं. "आम्हालाच जायचंय त्यांच्याकडे. आणि ते चार महिने बघता बघता जातात, म्हणूनच शनिवारी द्या."