राणीच्या जागी खुर्ची

फरशीवर कुणी खुर्ची ओढली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

आमच्या नाटकात हरलेल्या राजाची राणी कुणी न्यायची, यावर जिंकलेले सरदार भांडतात. एका तालमीला राणी झालेली सुनंदा तापामुळे आली नाही. कुणी आलं नाही की त्याच्या जागी खुर्ची ठेवायची, ही आमची रीत. मी पेटीवर होतो.

सरदार खुर्चीभोवती फिरले, तिच्याकडे बघून हसले. मग एकाने पाठीला धरून ती फरफटत नेली. तिचे पाय फरशीवर किंचाळले. प्रवेश मात्र कुठेच अडला नाही. राणीला त्यात एकही वाक्य नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. युद्धाची किती नाटकं मी अशीच पाहिली असतील, वाहवा करत!

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. म्हणाली, "काल माझ्यामुळे अडलं असेल ना?"

"छे गं," दिग्दर्शक म्हणाले, "उलट काल प्रवेश फार रंगला. आज तसाच करू."

खुर्ची बाजूला ठेवून तिथे फरशीवर सुनंदा बसली. सरदार हसले. तिला फरफटत नेलं, तेव्हा कसलाच आवाज झाला नाही.