डावीकडची जागा

प्रथम दिवस नोंदवतो. दिवसांशिवाय केलेली तक्रार म्हणजे रडगाणे. अक्षय तृतीया: माझ्या दिवंगत थोरल्या भावाची, वारसाहक्काने मला मिळालेली फियाट मी दुरुस्तीसाठी अकोल्याच्या मिस्त्रींच्या हवाली केली. श्रावणातला दुसरा सोमवार: गाडी रस्त्यावर धावली. पोळा: मिस्त्री वारले. पोळ्यानंतरचा तिसरा दिवस: गाडी दुकानासमोरून उचलण्यात आली. जबाबदार: एक, उचलणारे कार्यालय, दोन, पंचनाम्यावर सही करणारे दोन पंच, तीन, मी. माझ्यावरील आरोप पुढे येईलच.

मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी गाडीत नुसते बसत. डोळे मिटून, दोन्ही हात स्टेअरिंगवर. पहिल्या दिवशी अर्धा तास असा गेल्यावर मी खवळलो. मी अमरावतीहून एसटीने धक्के खात आलो होतो.

"मिस्त्री, काम केव्हा सुरू करणार?"

"चालूच हाय ना, साहेब. पयले मानूस समजून घेऊ द्या. गाडी मंग समजते."

हे त्यांचे नेहमीचे वाक्य. अमरावतीत तिघांनी 'भंगारात घाला' असे सांगितलेली गाडी त्यांनी या एका वाक्यावर स्वीकारली होती.

आपणही जुन्या गाडीत बसला असाल. झिजलेल्या जागा आपल्याला दिसतात, वाचता येत नाहीत. मिस्त्री वाचत. "मालक डावीकडं कलून बसत होते," ते गादीचा खळगा दाबत म्हणाले. स्टेअरिंगवरची चीर दाखवून म्हणाले, "अंगठी घालत होते." दोन्ही खरे होते. मग डावीकडे पायाखालच्या रबराला पडलेल्या भोकात त्यांनी बोट घातले.

"इथं कोन बसे?"

"मी."

"मंग हे भोक तुमचं! ब्रेक तिकडं, अन् दाबून राहिले तुमी इकडं!"

दुकानातले सगळे हसले. मी हसलो नाही, कारण आरोप सिद्ध होता. मी कधी गाडी शिकलो नाही. दर रविवारी भाऊ मोर्शीच्या रस्त्याने गाडी चालवी आणि मी शेजारी बसून त्याला वाहतुकीचे नियम सांगे. भाऊ गेल्यावर मी ज्याला नियम सांगावेत असे कोणी उरले नाही. गाडी दुरुस्त करण्यामागे माझा एवढाच हेतू होता: त्या जागेवर पुन्हा एकदा बसावे.

मी नव्या गाद्या टाकायला सांगितल्या तेव्हा मिस्त्रींनी साफ नकार दिला. "गादी बदलली का मालक उतरले समजा." मग डाव्या गादीवरचा तळहाताएवढा फिकट डाग दाखवून ते म्हणाले, "इथं रोज कोनाचा तरी हात फिरत होता, साहेब." मी बसण्यापूर्वी भाऊ ती जागा दोनदा झटकत असे.

श्रावणातल्या त्या सोमवारी अकोट रस्त्यावर आम्ही गाडी चालवून पाहायला निघालो. मिस्त्री डावीकडे कलून बसले. कोरडे खोकले. डावी जागा दोनदा झटकली आणि म्हणाले, "बसा, नियमवाले."

'नियमवाले' मला फक्त भाऊ म्हणे. मिस्त्रींनी भावाला कधी पाहिलेले नव्हते आणि मी ते नाव त्यांना सांगितलेले नव्हते.

"हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"काय मनलो मी?" त्यांचा चेहरा उतरला होता.

परतल्यावर त्यांनी गाडीला कुलूप लावून तिची एकुलती किल्ली माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी ठेवा. माह्यापाशी राह्यली का सारखं बसावं वाटते. बायको मनते, जेवतानाही तुमी असे वाकडे काहून बसता? पोळा झाला का किल्ली घेऊन या, अमरावतीले पोचवून देतो."

पोळ्याच्या सकाळी ते गेले. छातीत कळ आली आणि संपले.

आता माझ्यावरील आरोप. मिस्त्रींच्या दुकानासमोर एक सडका ट्रक वाट अडवून उभा होता. 'या रस्त्यावरील सर्व बेवारस वाहने तत्काळ हटवावीत' असा अर्ज मी वैशाखातच केला होता. आयुष्यभर मी अर्ज केले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. कार्यवाही झालेला माझा हा पहिलाच अर्ज. त्यांनी फियाट नेली आणि तोडून टाकली. ट्रक अजून तिथेच आहे.

माहितीच्या अधिकारात मिळालेली पंचनाम्याची प्रत माझ्यासमोर आहे. त्यातील मजकूर जसाच्या तसा देतो: "वाहनाचे दरवाजे बंद होते. चालकाच्या जागेवर एक वयस्क इसम डावीकडे कलून बसलेला आढळला. त्याने हरकत घेतली नाही. डावीकडील जागा हाताने झटकली व काही वेळ थांबला. त्यानंतर वाहन दोरीने ओढत असताना त्यानेच स्टेअरिंग धरले. वाहन जमा केले तेव्हा आत कोणी नव्हते."

गाडीला कुलूप होते. किल्ली अमरावतीत, माझ्या खिशात होती. मिस्त्रींना जाऊन तिसरा दिवस होता, भावाला जाऊन कित्येक वर्षे.

तोडलेल्या गाडीची भरपाई मी मागत नाही. संबंधित अधिकारी व दोन्ही पंच यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि तेही बंद पाकिटात न देता जाहीरपणे, चारचौघांत द्यावे: माझी जागा झटकणाऱ्या त्या हातात अंगठी होती, की नखांत ऑइल होते?