बुडालेल्या जहाजाचे नाणे

हळद लागलेली ती चांदीची साखळी आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा ब्रह्मपुरी भागातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. एका शिक्षिकेने तक्रार दिली. तिचा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्याने तिला परदेशातून एक पदक पाठवले होते. काही शतकांपूर्वी समुद्रात बुडालेल्या स्पॅनिश जहाजातले चांदीचे नाणे, त्याला कडी लावून साखळीत ओवलेले. ते कपाटातून नाहीसे झाले. घरात ती, तिची म्हातारी सासू आणि धुणीभांडी करायला येणारी एक गोंड बाई, एवढीच माणसे. संशय कोणावर आला असेल ते सांगायला नको.

त्यातच खबऱ्याने बातमी आणली, की नाणे गेले त्याच दुपारी कामवाली सराफाकडे चांदी घेऊन गेली होती. महिला शिपायाला सोबत बसवून मी तिची चौकशी केली. तिने गळ्यातली जुन्या चांदीच्या राणीछाप रुपयांची माळ पुढे धरली. "मायची हाय. कडी तुटली होती, जोडाले नेली." यापुढे ती बोलेना. सराफाने दुजोरा दिला, पण लोकांच्या लेखी ती चोर ठरून गेली होती. बाकीच्या घरांनीही तिला कामावरून काढले.

पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली होती. नाणे गेले होते, साखळी मात्र कपाटातल्या डबीतच होती. चांदीची साखळी मागे ठेवणारा दानशूर चोर मी तरी पाहिला नव्हता. उजेडात धरली तर कड्यांमध्ये हळद अडकलेली. कामवालीला त्या घरात देवाजवळ जायची मुभा नव्हती.

मी सासूबाईंजवळ जाऊन बसलो. त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. नाणे कुठे गेले ते कळले नाही तर त्या बाईवरचा डाग जन्मभर जाणार नाही, एवढेच मी म्हणालो. तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"बुडून मेलेल्या मानसाइची चांदी होती ते, साहेब. माया पोरगा पान्यावर हाय, त्याचा फोन लागत नोता. हळद-कुंकू लावून वैनगंगेले देऊन टाकली. देल्लं सांगू नाई. सांगतलं तं फळत नाई."

म्हणजे मुलाच्या राखणीसाठी पाळलेले मौन त्यांनी आत्ता माझ्यासमोर स्वतःच मोडले होते. मला फार वाईट वाटले. सुनेने त्याच दिवशी चोरी झालीच नसल्याचा पुरवणी जबाब दिला आणि तपास बंद झाला.

कामवालीला सांगायला मी स्वतः गेलो. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "पोरगा खुशाल हाय ना त्याइचा?" फोन अजून लागला नव्हता, तसे मी सांगितले.

गप्प बसणारा काहीतरी लपवतो, असे आम्हाला नोकरीत शिकवतात. ते खरेही असते. पण तो काय आणि कोणासाठी लपवतो, हे पाहायला मी त्या दोघींमुळे शिकलो.

पुढच्या आठवड्यात कामवाली बाजारात भेटली. सासूबाईंच्या मुलाचा फोन आल्याचे तिनेच सांगितले. तिच्या माळेत मधला एक रुपया नव्हता. कुठे गेला, असे मी विचारले.

"ते सांगाचं नसते, साहेब," ती म्हणाली.

मी पुढे विचारले नाही.